पोलादी टोप आणि कापडी फेटा

अंबाजोगाईला जाणारा वाङ्मयाचा अभ्यासक मुकुंदराजांच्या समाधीकडे वळतो, दासोपंतांच्या पासोडीची चौकशी करतो आणि परततो. बीड जिल्ह्यातील याच गावाचे दुसरे नाव मोमिनाबाद होते, आणि त्या नावाने ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाचे ठाणे म्हणून ओळखले जाई, ही गोष्ट त्याच्या टिपणवहीत सहसा येत नाही. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या रिसाल्यांपैकी एक ‘२० वा डेक्कन हॉर्स’ हे नाव घेऊन पुढे फ्रान्सच्या रणभूमीवर गेला. आम्ही आज ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो वरवर पाहता मराठवाड्याला अगदी परका आहे: महायुद्धकालीन जर्मन व ऑस्ट्रियन शिरस्त्राणांचा आणि सैनिकी साहित्याचा संग्रह. परंतु मोमिनाबादचे ठाणे ध्यानी ठेवले, तर हा परकेपणा हळूहळू गळून पडतो असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तूंविषयी. १९१४ साली जर्मन शिपाई रणांगणात उतरला तो डोक्यावर चामड्याचा, माथ्यावर टोकदार कळस असलेला टोप घालून. प्रशियाच्या सैन्यात १८४२ पासून रूढ असलेला हा टोप शोभेला उत्तम होता. तोफगोळ्याच्या उडत्या तुकड्यांपुढे मात्र निरुपयोगी. खंदकांतील युद्धात डोक्याच्या जखमा वाढल्या, तेव्हा हानोव्हरच्या तांत्रिक विद्यापीठातील फ्रीडरिश श्वेर्ड यांनी कपाळ, कान आणि मान झाकणारा पोलादी टोप आखला. १९१६ च्या आरंभी, व्हेर्दूंच्या लढाईच्या सुमारास, तो शिपायांच्या डोक्यावर आला. ऑस्ट्रिया-हंगेरीने बेर्नडॉर्फच्या कारखान्यात माथ्यावर वायुछिद्राची चकती असलेला आपला निराळा नमुना काढून पाहिला. शेवटी तेही जर्मन घडणीकडेच वळले. त्यांच्या टोपाचा हनुवटीचा पट्टा मात्र चामड्याऐवजी कापडी, आणि तो धरणारी रिव्हेट जरा वरच्या बाजूस. दुसऱ्या महायुद्धापूर्वी, १९३५ साली, जर्मनांनी हा टोप आटोपशीर केला. १९४२ मध्ये श्रम आणि वेळ वाचवण्यासाठी त्याची कड आत दुमडणेही सोडून दिले.

संग्राहक हे सारे बारकावे तोंडपाठ ठेवतो. टोपाच्या आतील कडेवर उमटवलेली कारखान्याची खूण आणि मापाचा आकडा, आतील चामड्याची शिलाई, रंगाचे थर, बाजूच्या चिन्हाची झीज यांवरून तो वस्तूचा काळ ठरवतो, खरे-खोटे पारखतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटावी. हस्तलिखिताची पाठचिकित्सा याहून फारशी वेगळी नसते. रिव्हेटची जागा हा येथील पाठभेद. मागाहून रंगवलेले चिन्ह हा प्रक्षेप. प्रक्षेप पोथीत शिरतो तो कधी भक्तीने, कधी प्रतिष्ठेसाठी. टोपावर तो बहुधा पैशासाठी शिरतो. नाझींच्या एस.एस. दलाचे चिन्ह असलेल्या टोपाला साध्या टोपाच्या कितीतरी पट किंमत येते, म्हणून बनावटही याच चिन्हांची सर्वाधिक होते.

येथे पहिला गंभीर प्रश्न उभा राहतो. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ही चिन्हे जाहीरपणे मिरवणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे स्वस्तिक दारावरच्या रांगोळीत असते, आणि हिटलरचे आत्मचरित्र रस्त्याकडेच्या पुस्तकविक्रेत्याकडे सहज मिळते. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाने मराठी वाचकाला त्या राजवटीचा शेवटही दाखवला. पण गणवेशाची, शिस्तीची आणि ‘कणखर’ पुढाऱ्याची भूल तेवढ्याने ओसरली असे म्हणवत नाही. संग्रहातील टोपाकडे पाहणारी नजर अभ्यासाची आहे की या भुलेची, हे ज्याचे त्याने तपासावे. वस्तू आपण होऊन साक्ष देत नाही. तिला प्रश्न विचारावे लागतात.

तो प्रश्न आम्ही असा विचारतो: हा टोप त्याच्या धन्याच्या डोक्यावरून उतरला कसा, आणि कोणाच्या हाती आला? या छंदाचा उगमच मुळी रणांगणावरील लुटीत आहे. पराभूताचा टोप घरी नेणे ही विजयाची खूण होती. १९१९ साली न्यूयॉर्कमध्ये युद्धकर्जाच्या प्रचारासाठी हजारो जर्मन टोपांचे मनोरे रचले गेले. या टोपांच्या समोर जे सैनिक उभे होते, त्यांत दख्खनचे सवारही होते. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ‘हाय वुड’ या रानाच्या बाजूला डेक्कन हॉर्सने इंग्रज घोडदळाच्या एका रेजिमेंटसह भाले रोखून हल्ला केला. नाव दख्खनचे असले तरी या रिसाल्यात शीख आणि जाट सवारही होते; त्यांच्या जोडीला दखनी मुसलमान होते. मशीनगनच्या युगात, पिकाच्या शेतातून, भाल्यांनिशी! त्या दिवशी त्यांनी काही जर्मनांना मारले, काहींना पकडले. पण रान हाती लागले नाही.

निजामाच्या स्वतःच्या फौजेचे भालाईतही युद्धावर होते. बीड १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाचे हे सवार म्हैसूर आणि जोधपूरच्या भालाईतांबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये लढले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी याच ब्रिगेडच्या जोधपूर आणि म्हैसूरच्या सवारांनी हैफा जिंकले. तेव्हा कार्मेल डोंगरावर तुर्कांच्या मदतीला ऑस्ट्रियन तोफा होत्या. कैद झालेल्यांत जर्मन अधिकारीही होते. दिल्लीतील तीन मूर्ती हे या तीन संस्थानांच्या सवारांचे स्मारक. १९२२ साली उभारलेल्या त्या ब्राँझच्या पुतळ्यांतील एक हैदराबादचा, म्हणजे काही अंशी बीडचाही.

फ्रान्समध्ये १९१४ साली उतरलेल्या हिंदी सैनिकाच्या डोक्यावर कापड होते. फेटा हा त्याच्या गणवेशाचा भाग होता, तसाच अब्रूचाही. तो विटला, फाटला, जखमेवर बांधला गेला, नाहीतर घरी येऊन चिंधी झाला. पोलाद गंजूनही शंभर वर्षे टिकते. त्याला कारखान्याची खूण असते, म्हणून त्याची सूची होते. फेट्याला खूण नसते. परिणाम असा, की हरलेल्याचा टोप जगभरच्या काचेच्या कपाटांत आहे, आणि त्याच्या समोर उभा राहिलेल्याचा फेटा जवळपास कोठेच नाही. महाराष्ट्रातील कित्येक गावांत संगमरवरी पाटी आढळते: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, इतके कामी आले. आकडे आहेत, नावे नाहीत.

याच युद्धात जर्मनांनीही संग्रह केला होता. बर्लिनजवळच्या बंदी छावणीत हिंदी कैद्यांना ध्वनिग्राहकाच्या कर्ण्यासमोर उभे करून विल्हेल्म डोएगेन आणि त्यांच्या सहकारी भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे बोलणे, गाणी, गोष्टी तबकड्यांवर नोंदवल्या. भाषेचा नमुना मिळवणे हा हेतू होता. पण मल्लसिंग नावाच्या पंजाबी शिपायाने त्या कर्ण्यात घरच्या लोण्याची आठवण आणि परतण्याची आस ओतली. विजेत्यांनी टोप जमवले, ज्यांचा पराभव झाला त्यांनी आवाज जमवले. एक संग्रह निर्जीव वस्तूचा, दुसरा जिवंत माणसाच्या उच्चाराचा. पण दोन्हींत माणूस हा नमुनाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धात चित्र काहीसे बदलले. इटलीत जर्मनांशी लढताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव हे बीडच्या शेजारच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमजचे. त्यांचे नाव उरले ते शौर्यपदकामुळे. पदक न मिळालेल्यांचे काय? त्याच अहमदनगरात १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ उभी आहे. शाळांच्या सहली ती पाहतात, मुले तिच्या नळीला हात लावतात. तिच्यासमोर कोण उभे होते, हे मुलांना सांगावयास हवे.

जर्मन टोप जमवणाऱ्याला हिणवण्याचा आमचा हेतू नाही. त्याची चिकाटी आणि बारीक नजर आपण उसनी घ्यावी, असेच आम्ही म्हणू. बीडच्या, धारूरच्या, अंबाजोगाईच्या जुन्या घरांतील ट्रंकांत निवृत्तीचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, एखादे पितळी बटण किंवा बिल्ला पडून असेल, तर त्याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. आजीच्या आठवणीतले ‘लामवरून’ परतलेल्या पूर्वजाचे एखादे वाक्य असेल, तर तेही टिपून घ्यावे. किंमत ठरवण्यासाठी नव्हे, तर त्या वस्तूमागचे नाव लिहून ठेवण्यासाठी.

कापड टिकत नाही, ही सबब अंबाजोगाईत तरी चालू नये. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. ती चारशे वर्षे राहिली आहे, आणि तीही कापडच आहे. ती राहिली, कारण पिढ्यानपिढ्या कोणाला तरी ती राखावीशी वाटली.