पत्री सरकार : साताऱ्याने आपणहून मानलेली सत्ता

सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या प्रतिसरकारचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर अशा भूमिगत लोकसत्तेचा इतिहास बहुधा त्याच्या कार्यकर्त्यांनी शेणोलीजवळ केलेल्या रेल्वेलुटीपासून सांगितला जातो. परंतु ज्या सत्तेजवळ ना कचेरी होती, ना सारा वसूल करण्याची यंत्रणा, तिचे निवाडे गावोगावच्या कुणब्यांनी का मानले आणि तिच्या माणसांना वर्षानुवर्षे आपल्या घरात, वस्तीवर आणि उसाच्या फडात का लपवले, हा प्रश्न त्या लुटीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

वाळवा, तासगाव आणि खानापूर हे आजच्या सांगली जिल्ह्यातील तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापलेल्या सत्यशोधक समाजाची या मुलखात पुढील काळात खोल रुजवण झाली होती, आणि सावकारशाहीवर व खर्चिक धर्मविधींवर प्रहार करणाऱ्या जलशांनी, म्हणजे गाण्या-संवादांच्या प्रचारी खेळांनी, शेतकऱ्याला आपल्या गाऱ्हाण्यांची कारणे उघड बोलायला शिकवले होते. याच वातावरणात वाढलेले, येडेमच्छिंद्र गावचे नाना रामचंद्र पाटील (जन्म १९००) हे तलाठी होते. जमिनीच्या नोंदी आणि साऱ्याचे हिशेब ज्याच्या हाती असतात त्या माणसाला कोणाची जमीन कोणत्या कागदाने गेली हे चांगलेच ठाऊक असते, आणि १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले तेव्हा हे ज्ञान त्यांच्याबरोबर चळवळीत आले, असे मानायला हरकत नाही. त्यांची भाषणे शेतकऱ्यांच्या नित्याच्या बोलीत असत; पुढे तुरुंगवास झाले, घरादारावर जप्ती आली, आणि ही किंमत त्यांनी मोजलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती.

१९४२च्या सप्टेंबरात तालुका कचेऱ्यांवर निघालेल्या मोर्चांपैकी वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाला, माणसे मेली, आणि उघड मोर्चांचा मार्ग खुंटल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. या गोंधळाच्या दिवसांत दरोडेखोरांच्या टोळ्याही माजल्या होत्या, काही तर चळवळीचेच नाव सांगून लुटत होत्या. त्यांचा बंदोबस्त करणे हे प्रतिसरकारचे पहिले मोठे काम ठरले, आणि गावकऱ्यांचा विश्वास बसला तो प्रथम या कामामुळे.

त्याहून खोल परिणाम केला तो न्यायदान मंडळांनी. सरकारी कोर्टात दाद मागायची तर वकिलाची फी, मुद्रांकाचा खर्च आणि तालुक्याचे खेटे यांतच गरिबाचा दावा बुडत असे. येथे मात्र वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार यांना ओळखणाऱ्या गावासमोरच सुनावणी होई, गहाण जमिनीचा किंवा टाकलेल्या बायकोच्या पोटगीचा तंटा तिथेच मिटे, आणि निकालाची भाषा सर्वांना कळे. गुन्हा भारी असेल तर तळपायांवर काठीचे फटके मारीत. या शिक्षेला ‘पत्री मारणे’ म्हणत आणि त्यावरूनच प्रतिसरकार लोकांच्या तोंडी पत्री सरकार झाले, असे सामान्यतः मानले जाते. ही शिक्षा क्रूर होती, तिच्यावर अपील नव्हते, आणि इतिहासकाराने ते झाकू नये. तरीही केवळ दहशतीने लोक मागे गेले हा आक्षेप टिकत नाही, कारण दहशतीचे साधन ब्रिटिशांजवळ अनेक पटींनी जास्त होते, नानांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झाले होते, आणि तरीही साडेतीन वर्षांहून अधिक काळ ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

नेत्यांनी दुसऱ्यांना घालून दिलेले नियम स्वतःलाही लावले, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. लग्नापायी कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्यासाठी ‘गांधी लग्न’ ही हुंडा आणि मानपान वगळून अल्प खर्चात विवाह करण्याची पद्धत रूढ करण्यात आली, आणि प्रतिसरकारच्या तूफान सेनेचे, म्हणजे शिस्तबद्ध तरुण दलाचे, प्रमुख जी. डी. बापू लाड यांनी आपले लग्नही तसेच लावले. शिवाय सत्ता एका माणसाच्या हाती गोठलेली नव्हती : कुंडल, वाळवा अशा ठिकाणचे गट आपापल्या भागाचा कारभार बऱ्याच अंशी स्वतःच पाहत, किसन वीर आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे कार्यकर्ते स्वतंत्रपणे निर्णय घेत, आणि नाना पाटील हे या सर्वांना जोडणारे, सर्वांनी मानलेले नाव होते. महात्मा गांधींनी १९४४ साली भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिल्यावरही साताऱ्यातील बहुतेक गटांनी काम थांबवले नाही. गांधींविषयी अपार आदर असलेल्या या लोकांनी आपल्या गावांना वाऱ्यावर सोडणे अधिक मोठा दोष मानला.

१९४६ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, भूमिगत नेते उघड झाले आणि प्रतिसरकारचे काम आटोपले. पुढे नागनाथअण्णांनी वाळव्यात सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हा त्याला हुतात्मा किसन अहिर यांचे नाव दिले. १९४६ साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडलेला हा त्यांचा सहकारी होता.