कौल मानणारी माणसे : १६ जानेवारी १९६७

निवडणूक जवळ आली की शांततेची आवाहने होतात, शपथा घेतल्या जातात, पोलिसांची संचलने निघतात. सरकारी सेवेत असताना मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आम्ही अनेक निवडणुका पार पाडल्या. बंदोबस्ताचे मोल आम्हांस ठाऊक आहे. तथापि मतदान शांततेत होते ते केवळ बंदोबस्तामुळे नव्हे, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. याची उत्तम साक्ष गोव्याच्या जनमत कौलाच्या इतिहासात सापडते.

मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोवा, दमण व दीव विधानसभेची पहिली निवडणूक झाली. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठरावही केला. परंतु एवढा मोठा निर्णय आमदारांच्या बहुमतावर न सोडता थेट लोकांना विचारावा, हा विरोधकांचा आग्रह होता. अखेर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाला ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशाला ‘दोन पाने’ अशी चिन्हे मिळाली.

प्रश्न साधा असला तरी त्यात भाषा, धर्म, जात, जमीन आणि अस्मिता असे सारेच गुंतले होते. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी कीर्तन-नाटकांवर वाढलेल्या हजारो कुटुंबांना महाराष्ट्र हे आपलेच घर वाटत होते. उलट, मोठ्या राज्यात आपली ओळख बुडून जाईल अशी अनेकांना धास्ती होती. वृत्तपत्रांतून जहाल लेख येत. विलीनीकरणाविरुद्ध लिहिणारे ‘राष्ट्रमत’ही मराठीच होते, हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणजे हा लढा मराठी विरुद्ध अमराठी असा सरळ नव्हताच. तो एकेका घरातून गेला होता.

आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे होतो. आमचे वडील फुलाचे, तर धाकटे काका दोन पानांचे. रात्री जेवताना दोघांचे आवाज चढत आणि आजी ताटावरून उठण्याची धमकी देई. वाड्यावरही तीच गत होती. परंतु वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी ठरविल्या होत्या. देवळाच्या सभामंडपात कोणत्याही बाजूची सभा व्हायची नाही आणि मतदानाच्या दिवशी बायामाणसांना केंद्रापर्यंत नेताना कोणी कोणाची वाट अडवायची नाही. हे कुठे कागदावर लिहिलेले नव्हते. पण ते मोडण्याचे धैर्य कोणी केले नाही.

शासकीय पातळीवरही एक महत्त्वाचे पाऊल पडले. सत्तेवरील पक्षच एका बाजूचा असता मतदान निःपक्षपाती कसे होणार, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. तेव्हा डिसेंबर १९६६ च्या आरंभी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कारकुनापासून मामलेदारापर्यंत प्रत्येकाला आपला मुख्यमंत्री काय इच्छितो हे ठाऊक असताना ती खुर्ची रिकामी होणे याचा अर्थ किती मोठा, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसास सांगावयास नको.

१६ जानेवारी १९६७ रोजी ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. म्हणजे शंभरांत जवळजवळ ब्याऐंशी. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. तुरळक कुरबुरी, टिंगलटवाळी झालीच. पण इतक्या पेटलेल्या प्रश्नावर पेटी बंद झाली ती शांतपणे.

खरी कसोटी मात्र निकालानंतर होती. जिंकलेल्यांना शांतता परवडते. हरलेल्यांना ती कमवावी लागते. पावणेदोन लाखांपुढे एक लाख अडतीस हजार ही काही मूठभर माणसे नव्हती. त्यांनी मनात आणले असते तर गोवा धुमसत राहिला असता. परंतु मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तीत बांदोडकरांचा पक्ष पुन्हा विजयी झाला आणि ज्या प्रश्नावर ते हरले होते तो बाजूस ठेवून त्यांनी त्याच केंद्रशासित प्रदेशाचा कारभार हाती घेतला. त्याच सुमारास शिगम्याला आमचे वडील आणि काका मांडावर शेजारी शेजारी उभे असलेले आम्हांस आठवतात.

याउलट १९८६ चा डिसेंबर आठवावा. राजभाषेचा प्रश्न रस्त्यावर आला, झाडे तोडून रस्ते अडविले गेले, माणसांचे प्राण गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले; पण ती कटुता अनेक वर्षे पुरली. माणसे तीच, प्रश्नही जवळजवळ तोच. पहिल्या वेळी लोकांच्या हाती मतपत्रिका होती आणि वडीलधाऱ्यांचा शब्द चालत होता. दुसऱ्या वेळी दोन्ही नव्हते.

१६ जानेवारी हा गोव्यात अस्मिता दिन म्हणून साजरा होतो. आमच्या मराठी घरांतून त्या दिवशी अजूनही एक बारीकसा सल जागा होतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसाचा निम्मा मान हरलेल्यांचाही आहे, हे आपण आपल्या नातवंडांना सांगावयास हवे.

आपल्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी डावीकडे पडो की उजवीकडे, मनाजोगता आला नाही म्हणून देवळातले कोणी भांडत नाही. १९६७ मध्ये आपल्या वडीलधाऱ्यांनी लोकांचा कौलही तसाच मस्तकी लावला. येत्या प्रत्येक निवडणुकीत आपल्या वाड्यावर, आपल्या देवळात, आपल्या जेवणाच्या पंगतीत ती रीत टिकविणे आपल्याच हाती आहे.