चारचौघांत बोललं जाणारं गुपित

हिजडा आणि कोती समाजाच्या बोलीला तिचे बोलणारे ‘फारसी’ म्हणतात, कुठे ‘उल्टी’ म्हणतात. इराणची फारसी ती नव्हे. वाक्याची घडण हिंदीची, नेमके मोक्याचे शब्द तेवढे स्वतःचे. नाहूर-मुलुंडच्या लोकलमध्ये टाळीपाठोपाठ ती आपल्या कानांवरून जाते. 

‘कोती’ म्हणजे बायकी वळणाचा, स्वतःत स्त्रीपण पाहणारा पुरुष. ‘पंती’ म्हणजे त्याला आवडणारा मर्दानी पुरुष. ‘सातला’ म्हणजे साडी. ‘गिरिया’ म्हणजे जोडीदार. दोन्ही भूमिका घेणारा तो ‘डबल डेकर’. हा शब्द कुठल्या रस्त्यावरून आला हे मुंबईकराला सांगायला नको. गुरू आणि चेला मठांतून आले. मला सर्वांत खोल वाटतो तो ‘निर्वाण’. लिंगछेदाच्या विधीला हा शब्द आहे. शरीराचा एक भाग देऊन नवा जन्म घेणाऱ्यांनी शब्दही तेवढाच मोठा निवडला. ज्यांचं निर्वाण झालेलं नाही, ते ‘अकवा’.

अशा बोली जगभर आहेत. इंग्लंडमधल्या समलिंगी पुरुषांची ‘पोलारी’ खलाशी, नाटकवाले, जत्रेतले फिरस्ते यांच्या तोंडी घडली. तिचं नावच ‘बोलणे’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलेलं. तिच्यात ‘बोना’ म्हणजे छान, तर ‘चॅव्ही’ म्हणजे मूल. हा ‘चॅव्ही’ रोमानी भाषेतला, आणि त्याचं मूळ आपल्या ‘छाव्या’चंच! 1965 ते 1968 या काळात बीबीसीच्या एका विनोदी कार्यक्रमाने पोलारी घरोघरी नेली, 1967 मध्ये समलिंगी संबंधांवरचा कायदा सैल झाला, आणि लपायची गरज उरली नाही तशी ती मावळली.

आपल्याकडे तसं झालं नाही. 1871 च्या कायद्याने हिजड्यांची पोलिसी नोंद सुरू केली, तेव्हा गुपित ही गरजच होती. पुढे 1990 च्या दशकात एचआयव्ही-प्रतिबंधाच्या कामातून ‘कोती’ शब्द सरकारी कागदांत शिरला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही आला. 2018 मध्ये कलम 377 मधून प्रौढांचे संमतीने असलेले संबंध वगळले गेले. तरीही बोली चालू आहे, कारण लपणं हे तिचं अर्धंच काम. नव्या चेल्याला घराण्यात सामावून घेणं हे उरलेलं अर्धं, आणि ते कुठल्या निकालाने संपत नाही.

म्हणून नव्या अभ्यासकाला एवढीच विनंती: शब्द टिपण्याआधी बोलणाऱ्याची परवानगी घ्या, त्याने सांगितलेला अर्थ आधी लिहा, व्युत्पत्ती नंतर. आणि तो ‘हा नको’ म्हणाला, तर तो शब्द वहीत घेऊ नका.