गिरवलेलं फूल

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात एक कोडं आहे. जे आपल्याला ठाऊकच नाही ते शोधायचं कसं? आणि सापडलं, तरी तेच ते, हे ओळखायचं कसं? आज हे कोडं आपण एका साध्या कामाला लावून पाहू. कधी कुंचला न धरलेला माणूस फूल काढायला बसतो. समोर शेवंती आहे, भरगच्च पाकळ्यांची. कागदावर उतरतं ते मात्र पाच पाकळ्यांचं ठरीव फूल. डोळ्यांनी शेवंती पाहिली, हातानं सवय काढली. मग शिकायचं कुठून? फुलापासून की हातापासून?

चीननं याचं एक उत्तर दिलं. नानजिंगमध्ये ली यू या लेखकाच्या घरच्या बागेचं नाव होतं ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’. त्याच नावानं १६७९ साली चित्रकला शिकवणारी एक पोथी छापली गेली. पुढाकार ली यूच्या जावयाचा, काम वांग गाय या चित्रकाराचं. पहिला भाग निसर्गदृश्यांचा होता. फुलं आली ती १७०१ च्या भागांत.

ही पोथी नवशिक्याला काय सांगते? ऑर्किडचं पहिलं पान एका दमात ओढा. दुसरं त्याला छेदून जाऊ द्या. दोहोंमध्ये जी लांबट फट उरते, तिला म्हणतात ‘फिनिक्सचा डोळा’. तिसऱ्या पानानं तो डोळा भेदायचा. म्हणजे बघा, फूल अजून आलेलंच नाही आणि शिष्य रिकामी जागा बघायला शिकला! आपण पाटीवर ‘श्री’ गिरवला, त्याच जातीचं हे शिक्षण.

यावर आक्षेप ठरलेला: गिरवणारा जन्मभर नक्कलच करणार. छी बायशी हे त्याला उत्तर आहे. १८६४ साली हूनान प्रांतातल्या शेतकरी घरात जन्मलेला हा माणूस लाकडावर कोरीवकाम करायचा. विशीच्या सुमारास एका गिऱ्हाइकाकडे त्याला ही पोथी दिसली. त्यानं ती उसनी आणली आणि चित्रं छापून, गिरवून घेतली. पुढे त्याची फुलं, त्याची कोळंबी इतकी त्याची स्वतःची झाली, की दुरून ओळखावीत.

आता उलट वाट, आणि ती पुण्याजवळची. दापोडीला मुंबई सरकारची वनस्पतींची बाग होती, अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. इथे पोथी नाही, झाड समोर. पानाची कड जशी असेल तशी, फुलाची घडण जशी असेल तशी.

मग हे निखळ पाहणं झालं का? आम्हाला तसं वाटत नाही. काय बघायचं हे इथेही आधीच ठरलं होतं, फक्त ते वनस्पतिशास्त्रानं ठरवलं होतं. उघड्यावाघड्या डोळ्यांनी कुणीच सुरुवात करत नाही. नियम म्हणजे डोळ्यांच्या हाती दिलेला एक प्रश्न. मेनोच्या कोड्यातून सुटायची वाट हीच दिसते: फूल ठाऊक नसलं तरी चालेल, पण फुलाला विचारायला काहीतरी हवं.

खरा धोका पुढचा आहे. तो प्रश्न कायम दुसऱ्याचाच राहिला तर? दापोडीत प्रश्न साहेबाचा होता, उत्तर हाताचं. गिब्सनचं नाव राहिलं, त्या हाताचं राहिलं नाही. छी बायशीनं उसना प्रश्न घेतला, वापरला आणि एक दिवस बाजूला ठेवला.

तेव्हा साठीनंतर रंगपेटी घेणाऱ्यांनी गिरवायला लाजू नये. खुशाल गिरवावं. फक्त एके दिवशी पुस्तक मिटावं, शेवंती पुढ्यात घ्यावी आणि तिला आपलं स्वतःचं काहीतरी विचारावं.