नावाआधीचं बिरुद

परवा नातवाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहायला बसलो होतो. धाकटे चिरंजीव म्हणाले, "अण्णा, तुमच्या नावाआधी 'आदर्श शिक्षक' छापू या. पुरस्कार मिळालाय ना तुम्हाला!" खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं. पण इतिहास शिकवण्यात जन्म गेला, लेखणी अडली.

आपलं अंकुशनगर ज्या भागात आहे, तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबारातून किताब मिळत. जंग, दौला, मुल्क अशी चढती भाजणी असे. किताब मिळाला की मूळ नाव मागे पडे. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग सर्वांना माहीत; पण त्यांचं नाव मीर तुराब अली खान होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? इंग्रजांचे रावसाहेब, रावबहादूर हेही त्याच माळेतले मणी.

स्वतंत्र भारताच्या घटनेने कलम १८ अन्वये हे किताब बंद केले. पुढे १९५४ साली भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले. तेव्हा हे मागल्या दाराने आलेले किताबच नव्हेत का, असा प्रश्न आलाच. जनता सरकारने १९७७ मध्ये ते बंद केले, १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ डिसेंबर १९९५ चा निकाल असा, की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत. मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. तरीही आजच्या निमंत्रणपत्रिका पाहा!

मला आठवतात गोविंदभाई श्रॉफ. निजामाविरुद्ध लढले, नंतर मराठवाड्याच्या विकासासाठी, ब्रॉडगेज रेल्वेसाठी झगडले. १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण आम्ही मराठवाड्यातली माणसं त्यांना आधीही गोविंदभाई म्हणत होतो आणि नंतरही गोविंदभाईच. सालारजंगांचं नाव किताबाने झाकलं. गोविंदभाईंच्या नावापुढे पुरस्कार आठवतसुद्धा नाही. मला वाटतं, घटनाकारांना हेच हवं असणार.

तो निकाल राष्ट्रीय पुरस्कारांबद्दलचा. माझ्यासारख्या साध्या मास्तराला कोण हटकणार? पण वर्गात मुलांना एक शिकवायचं आणि स्वतःच्या पत्रिकेत दुसरंच छापायचं, हे काही जमेना. 'आदर्श शिक्षक' खोडलं. नुसतं नाव ठेवलं.

चिरंजीव जरा हिरमुसले. सूनबाई मात्र म्हणाल्या, "अण्णा, एक ओळ वाचली. त्यात मामांचं नाव बसेल."

असो. लग्नाला सर्वांनी यायचं आहे!