'एलिव्हेटेड' म्हणजे काय? मेट्रोपासून मेडिकल रिपोर्टपर्यंत, जाणून घ्या शब्दाचा नेमका अर्थ

'एलिव्हेटेड मेट्रो', 'एलिव्हेटेड रोड' हे शब्द बातम्यांमध्ये सतत दिसतात. पण हाच शब्द मेडिकल रिपोर्टवर दिसला की अनेकांच्या पोटात गोळा येतो. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय?

मूळ अर्थ काय?

एलिव्हेटेड हे इंग्रजी विशेषण आहे. अर्थ : वर उचललेलं, आजूबाजूच्या पातळीपेक्षा उंचावर असलेलं. शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे 'लेव्हिस' म्हणजे हलका. अमेरिकेत लिफ्टला 'एलिव्हेटर' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

उंच माणसासाठी मात्र हा शब्द चालत नाही. तिथे 'टॉल' म्हणतात.

रस्ते आणि मेट्रोमध्ये

इथे अर्थ सरळ आहे : खांबांवरून जाणारा मार्ग. २०१४ मध्ये सुरू झालेली मुंबईची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो पूर्ण एलिव्हेटेड आहे. पुणे मेट्रोचा काही भाग एलिव्हेटेड, तर काही भुयारी आहे. सरकारी मराठीत यासाठी 'उन्नत मार्ग' असा शब्द वापरतात.

नॉन-क्रिमिलेअर दाखल्याच्या संदर्भात येणारा 'उन्नत' मात्र वेगळा. तिथे अर्थ सामाजिक-आर्थिकदृष्ट्या पुढे गेलेला गट असा होतो.

मेडिकल रिपोर्टमध्ये

इथे एलिव्हेटेड म्हणजे नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त. पण त्याचा अर्थ लगेच 'आजार झाला' असा होत नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेतील हृदयरोग तज्ज्ञांच्या २०१७ च्या निकषांनुसार वरचं बीपी १२० ते १२९ आणि खालचं ८० पेक्षा कमी असेल, तर त्याला 'एलिव्हेटेड' म्हणतात. हाय बीपी त्यापुढे, म्हणजे १३० किंवा ८० पासून धरलं जातं. थोडक्यात, हा वेळीच मिळालेला इशारा असतो.

लिव्हरच्या तपासणीतले काही आकडे तर जोरदार व्यायामानंतरही वाढलेले दिसू शकतात. याउलट, ईसीजीमधलं 'एसटी एलिव्हेशन' हे हार्ट अटॅकचं लक्षण असू शकतं. तिथे उशीर करून चालत नाही.

लक्षात काय ठेवाल?

एलिव्हेटेड हा शब्द फक्त 'वर आहे' एवढंच सांगतो. किती वर आणि कशामुळे, हे तो सांगत नाही. त्यामुळे रिपोर्टवर हा शब्द दिसला तर घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. इंटरनेटवर शोधून स्वतःच औषध सुरू किंवा बंद करण्याऐवजी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.