बहात्तर तासांची मुदत

पुण्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर ही गावे मागे टाकीत बंगळूरच्या वायव्य वेशीशी पोहोचतो, तेव्हा प्रवाशास प्रथम भेटते ते पीण्या औद्योगिक क्षेत्र. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात ही वसाहत आकारास आली. लेथ, साचे, विजेची उपकरणे, तयार कपडे अशा लहानमोठ्या हजारो उद्योगांची येथे दाटी आहे. कामासाठी घर सोडून आलेला तरुण खोलीत चारचौघांबरोबर राहतो, खाणावळीत जेवतो आणि सुट्टीच्या दिवशी एकटा पडतो. मुंबईच्या गिरणगावाने हे चित्र शतकभर पाहिले आहे. अशा एखाद्या रात्री नव्या ओळखीच्या व्यक्तीशी संरक्षणाविना संबंध घडला आणि सोमवारी यंत्रापाशी उभे असताना मनात भय उभे राहिले, तर त्या माणसाने काय करावे? या प्रश्नाच्या उत्तरास एक इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

संसर्गाचा प्रसंग घडून गेल्यावर, परंतु रोग जडण्यापूर्वी, उपाय योजण्याची कल्पना नवी नाही. ४ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातील जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पिसाळलेला कुत्रा चावला. ६ जुलैच्या संध्याकाळी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली त्यास पहिली लस टोचली गेली आणि तो मुलगा वाचला. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती तर आपल्याकडील कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहे. चावलेल्या माणसास ‘तू कुत्र्याजवळ गेलासच का?’ असे कोणी विचारीत बसत नसे. आधी त्याला दवाखान्यात नेत. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एड्स या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली आणि १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. भारतातील पहिला संसर्ग १९८६ साली मद्रासेत उघडकीस आणला तो डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे; मद्रासेत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातील. पुढे १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. भोसरी हीही पीण्यासारखीच कारखान्यांची वसाहत.

१९८७ साली झिडोवुडिन हे पहिले औषध मान्य झाले. रुग्णाची सुई चुकून बोटात गेलेल्या परिचारिका व डॉक्टर यांना ते ताबडतोब दिले तर संसर्ग टळेल काय, असा विचार तेव्हापासून सुरू झाला. याची काटेकोर चाचणी माणसांवर घेणे शक्य नव्हते. संकटात सापडलेल्यांपैकी निम्म्यांना जाणूनबुजून औषधाविना ठेवणे कोणत्या नीतीत बसेल? म्हणून संशोधकांनी घडून गेलेल्या प्रसंगांचा अभ्यास केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्ग झालेले ३३ व न झालेले ६६५ आरोग्यसेवक यांची तुलना होती. औषध घेतलेल्यांत संसर्गाचा संभव सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळला. माकडांवरील प्रयोगांनी दुसरा धडा दिला : चोवीस तासांत औषध सुरू करून २८ दिवस चालू ठेवले तर रक्षण होते, विलंब झाला किंवा मुदत तोडली, तर ते डळमळते.

याचे कारण विषाणूच्या वर्तनात आहे. शरीरात शिरल्यावर तो प्रथम मोजक्या पेशींत असतो, मग लसिका ग्रंथींत जातो आणि पेशींच्या वारशातच आपले टिपण लिहून ठेवतो. ते लिहिले गेले की आजची औषधे त्याला दाबून ठेवतात, पुसून टाकू शकत नाहीत. म्हणून औषध बहात्तर तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके उत्तम, सुरू करावयाचे व २८ दिवस न चुकता घ्यावयाचे. आरंभी आणि नंतर ठरावीक अंतराने रक्ततपासणी आवश्यक असते. हा उपाय पूर्ण हमीचा नव्हे. पण त्याचे बळ मोठे आहे.

औषध हाती येण्यामागे मुंबईचाही वाटा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधे वेगळ्या प्रक्रियेने बनविण्याची मुभा दिली होती. तिच्या आधारे सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षाचा उपचार साडेतीनशे डॉलरांस देऊ केला. पाश्चात्त्य देशांत तेव्हा त्यास दहा हजार डॉलरांहून अधिक पडत. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. आज तीन औषधे एकाच गोळीत मावतात.

मात्र नियम प्रथम लिहिले गेले ते रुग्णालयातील सेवकांसाठी. सामान्य माणसाच्या लैंगिक संपर्काचा विचार मागाहून आला. अमेरिकेने त्यासाठी २००५ साली मार्गदर्शन काढले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सर्व प्रकारच्या संपर्कांस एकच उपचारपद्धती सांगितली आणि २०२४ साली तो वस्तीपातळीवरही मिळावा अशी शिफारस केली. सुई कोठे टोचली आणि संबंध कोणाशी आला, हा भेद विषाणू करीत नाही. तो आपण करीत होतो.

पीण्यातील त्या कामगारापुढे आता अडचण शास्त्राची नाही. पाळी बुडविली तर रोज बुडतो, मुकादमास कारण काय सांगावे हे सुचत नाही, डॉक्टरांपुढे तोंड उघडवत नाही. आणि अशा संकोचात तीन दिवस निघून जातात. भारताच्या २०१७ च्या कायद्याने संमतीविना तपासणी आणि गुपिताचा भंग यांस मनाई केली आहे. १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. सरकारी रुग्णालयातील उपचारकेंद्राचा पत्ता तेथे विचारता येतो.

मायस्टरच्या आईने मुलाला घेऊन पॅरिस गाठले, कारण तिला लाज वाटण्याचे काही कारण नव्हते. आपल्या कामगारास पॅरिस गाठावयाचे नाही. फार तर शहरातले एखादे रुग्णालय गाठावयाचे आहे. तेवढे अंतर त्याने वेळेत ओलांडावे यासाठी प्रश्न न विचारता त्याला वाट दाखविणारा एखादा सोबती मात्र त्याच्या खोलीत, त्याच्या कारखान्यात असला पाहिजे.